ताई, तुमची साक्ष मी दिली

ताई,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले, आणि तेवढ्यात तुमच्या मरणाच्या दोन गोष्टी तयार झाल्या आहेत. एक, भेटायला येणाऱ्यांना मी तेरा दिवस सांगितली ती. दुसरी, काल वाचनालयात सांगितली ती. दोन्ही माझ्याच तोंडच्या. तुम्ही मला वीस वर्षं ओळखत होतात, तेव्हा पहिली कशी असेल हे तुम्हाला सांगायला नको. दुसरीबद्दल मात्र सांगायलाच हवं. आपलं भांडण अर्धं राहिलं होतं, आणि माणूस भांडण टाकून गेलं तरी पुढे काय झालं ते त्याला कळलं पाहिजे.

तसं भांडण पहिल्याच उन्हाळ्यात सुरू झालं. माझ्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. नणंद खेड्यातल्या शाळेत बाई आहे आणि सुट्टी लागली की नागपूरला येते, एवढंच मला ठाऊक. मी नवीन चादर काढून ठेवली, आमरसाचे आंबे पाण्यात टाकले, दारात उभी राहिले. तुमचा सायकलरिक्षा आला आणि आपल्या दारावरून सरळ पुढे गेला. पत्र्याची पेटी, वळकटी आणि त्यावर ताठ बसलेल्या तुम्ही. तुम्ही मान वळवून एवढंच म्हणालात, "डबा वाचनालयात आणून देजो वं. भाजीत तेल कमी."

मोहल्ल्यात दुसऱ्या दिवशी चर्चा, की नव्या सुनेनं नणंदेला घरात घेतलं नाही. मी दोन दिवस रडले. यांना विचारलं तर हे म्हणाले, "ते उन्हाळाभर तिथंच राहते. तुले कोणी सांगतलं नाही?" आपल्या घरात महत्त्वाची गोष्ट सांगायची राहून जाते, हे तेव्हा कळलं. पुढे ती उणीव मी एकटीनं भरून काढली, आणि जरा जास्तच भरली.

मग हळूहळू सगळं समजलं. कामठी रोडच्या अलीकडचं ते कौलारू वाचनालय मामंजींच्या पिढीनं बांधलं, मिलला सुट्टी असेल त्या दिवशी स्वतः विटा वाहून. बांधणाऱ्यांत अक्षरओळख असलेले चारच. बाकीच्यांनी पायाच्या वेळीच विचारलं होतं, की विटा आम्ही वाहायच्या आणि पुस्तकं तुम्ही वाचायची, मग आमच्या वाट्याला काय? त्यावर ठरलं, की जो पुस्तक घरी नेईल त्यानं ते परत करताना टेबलाजवळ उभं राहून आत काय आहे ते सगळ्यांना सांगायचं. साक्ष दिल्याशिवाय दुसरं पुस्तक नाही. इतर वाचनालयांत शांतता राखा अशी पाटी असते. आपल्याकडे 'मोठ्यानं बोला' अशी होती, आणि ती तुमच्याच अक्षरात.

एरवी वाचनालय संध्याकाळी तासभर उघडायचं. उन्हाळ्यात मात्र बारा ते पाच. पत्र्याच्या घरांत माणूस शिजून निघायचा आणि तिथं जाड भिंती, उंच छप्पर, दारांना वाळ्याच्या ताट्या. त्या ओल्या ठेवायला पाणी हवं, पाणी पहाटेच्या नळाचं, म्हणजे कोणीतरी तिथं मुक्कामी हवं. ते कोणीतरी तुम्ही. शाळेत दहा महिने पोरांना शिकवायचं आणि हक्काची सुट्टी मागच्या खोलीत काढायची. भावाच्या घरी फक्त सणाला जेवायला यायचं, तेही घड्याळाकडे बघत.

मी डबा घेऊन यायची आणि उन्हात परत जायचा कंटाळा म्हणून बसायची. वाचनाची आवड वगैरे काही नाही, ताई. ते तुम्हीच लोकांना सांगायचात. मला गारवा आवडायचा. पण फुकट बसलेलं तुम्हाला चालायचं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही एक पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलंत.

"सात दिवस. मग उभं राहून सांगायचं."

मी आयुष्यात कुठलीच गोष्ट शेवटाला नेलेली नाही. यांच्या स्वेटरला अजून एकच बाही आहे. पुस्तकाचंही तेच. सातव्या दिवशी मी पाऊण पुस्तकात होते आणि समोर तीसपस्तीस माणसं ताट्यांच्या कडेनं बसलेली. मी पाऊण खरं सांगितलं आणि उरलेलं जमवलं. लोकांना फार आवडलं. नंतर नंतर मी अर्धंच वाचायला लागले, म्हणजे जमवायला जागा भरपूर. बुडालेली पोरं काठाला लागायची, हरवलेले भाऊ जत्रेत भेटायचे, दुष्टांना नेमक्या जागी गळू व्हायचं. बायका आदल्या दिवशी विचारून जायच्या, "सुमनबाईची साक्ष उद्या हाय ना?" मी फुगले होते, खोटं कशाला सांगू.

मला पकडलं रामाजीबुवांनी. मिलमधून निवृत्त झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऐकलेला शब्द विसरायचे नाहीत. माझी साक्ष त्यांना इतकी भावली की त्यांनी ते पुस्तक घरी नेऊन सुनेकडून वाचून घेतलं. आठवड्यानं काठी टेकत आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, गोष्टीतला तो गावचा मालक, तो मालगुजार तर मेलाच नाही. चांगला खाऊनपिऊन हाय शेवटपर्यंत. तुम्ही त्याले विहिरीत पाडला कसा?"

सगळे हसले. मीही हसले. तुम्ही हसला नाहीत. पाच वाजता दार लावून घेतलंत आणि मला थांबवलंत.

"काहून केलं असं?"

"ताई, तो वाईट होता. लोकांना बरं वाटलं."

"लोकायले बरं वाटते म्हून तू रामाजीले फसवून राहिली?"

"गोष्टच तर आहे."

"ज्याले वाचता येते तो पुस्तक उघडून तपासून घेईन. ज्याले येत नाही त्यानं काय करावं? त्यानं विटा वाहिल्या, त्याले तू सांगशीन तेच पुस्तक. तुह्या तोंडाबाहेर त्याच्यापाशी काही नाही, सुमन."

मला उत्तर सुचलं ते घरी गेल्यावर, भांडी घासताना. तुमच्याशी भांडताना माझी सगळी चांगली उत्तरं मोरीत सुचली. त्या उन्हाळ्यात तुम्ही माझी साक्ष बंद केलीत. मी डबा दारात ठेवून जाऊ लागले, मुद्दाम आवाज करून. आठव्या दिवशी तुम्ही आतूनच ओरडलात, "भाजीत तेल जास्त झालं," आणि मी तेल किती ते बघायच्या निमित्तानं आत येऊन बसले. माफी आपण दोघींनीही मागितली नाही.

आता कौसल्याचं.

ताई, हे आपण एकमेकींशी कधी बोललो नाही. कौसल्या मागच्या गल्लीतली, माझ्याच वयाची. नवरा क्षयाच्या वॉर्डात. सकाळी त्याला जेवण देऊन परत यायची आणि दुपारभर ताटीजवळ पाय पोटाशी घेऊन बसायची. तुम्ही तिला मागच्या खोलीत अक्षरं शिकवत होतात, ती बोट ठेवून ठेवून वाचायला लागली होती. त्या दिवसांत माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची कादंबरी होती. एका गावातला मास्तर छातीच्या आजारानं अंथरुणाला खिळतो, बायको त्याची सेवा करते. आणि माझं नशीब बघा, हे एकच पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलं. मास्तर मरतो.

मी साक्ष द्यायला उभी राहिले. पुस्तकात आहे तेवढंच सांगेन, या वचनावर तुम्ही माझी साक्ष पुन्हा सुरू केली होती, आणि वर्षभर मी ते पाळलं होतं, एकाही मेलेल्याला उठवलं नव्हतं. शेवटाशी आले आणि समोर कौसल्या. तिनं श्वास धरलेला मला दिसत होता. माझ्या तोंडून निघालं, की मास्तर बरा झाला. बैलगाडीतून घरी आला, बायकोच्या हाताला धरून उतरला आणि म्हणाला, अंबाडीची भाजी कर, भाकरी कर, भूक लागली.

तुम्ही ते पुस्तक वाचलेलं होतं. मी तुमच्याकडे पाहिलंच नाही. तुम्ही रजिस्टर ओढलंत, 'परत' असं लिहिलंत. कौसल्या उठून टेबलापाशी आली.

"ताई, हे मले द्या. मी वाचतो जमेल तसं."

पुस्तक तुमच्या कोपराखाली होतं. तिला ते दिसत नव्हतं, मला दिसत होतं. तुम्ही म्हणालात, "ते बाइंडिंगले द्याचं हाय. पानं सुटली."

एकही पान सुटलं नव्हतं. वीस वर्षांत मी तुमच्या तोंडून ऐकलेलं हे एकच खोटं.

मला त्या दुपारी काय वाटलं ते सांगते. मी जिंकले असं वाटलं. घरी जाताना पाय हलके होते, उन्हातसुद्धा. ताईंना पटलं, असं मी यांनाही सांगितलं. यांनी पेपरमधून डोकं वर न काढता विचारलं, "काय पटलं?" आणि मला सांगता येईना.

तीन आठवड्यांनी कौसल्याचा नवरा गेला.

सुट्टी संपायच्या बेतात आली तेव्हा ती परत आली. निळं पुस्तक मागितलं. या खेपेला तुम्ही दिलंत. तिनं ते अक्षर जुळवत जुळवत वाचलं, त्यासाठी तुम्ही गावी जाणं दोन दिवस पुढे ढकललंत. शेवटच्या दुपारी ती साक्षीला उभी राहिली. तिची पहिलीच साक्ष. मास्तर कसा गेला ते तिनं सांगितलं, एकही गोष्ट न वगळता, आवाज न चढवता. माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे गेल्यावर दारात चप्पल घालताना माझ्याशी बोलली. तुम्ही आत ताट्यांच्या दोऱ्या सोडत होतात, म्हणजे तुम्ही ऐकलंत.

"सुमनबाई, तुम्ही तसं सांगतलं म्हून मी तीन हप्ते दोन घास खाल्ले. नाही म्हणत नाही. पण तो गेला ना, तवा मले वाटलं, त्या बाईनं तिचा माणूस घरी आणला, मले आणता नाही आला. माह्याच सेवेत कमी पडलं. इतके दिवस मी तेच धरून होती. आता वाचलं तवा समजलं, तिलेही नाही आणता आला."

 मी तिची दुसरी चप्पल उचलून तिच्यापुढे ठेवली. आणि तुम्ही, ज्यांना सहज म्हणता आलं असतं, "पाहिलं?", तुम्ही ते म्हणाला नाहीत. दोऱ्या सोडल्यात, ताट्या भिंतीला टेकवल्यात आणि मला म्हणालात, "उद्याच्यानं डबा नको."

त्यानंतर मी सरळ साक्ष देत आले. माझी गर्दी कमी झाली, ते सोडा. ताट्या जाऊन कूलर आला, रामाजीबुवा गेले, घरोघर टीव्ही आला आणि तरी दुपारी विसेक माणसं यायचीच. तुमचे गुडघे धरले. निवृत्त होऊन तुम्ही आपल्याकडे राहायला आलात, पण उन्हाळा लागला की पेटी भरायचात. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाण्याच्या बादलीसकट घसरलात, तेव्हा मी म्हटलं, ताई, आता मला बसू द्या. पोरं मोठी झाली. मी राहते मुक्कामी.

तुम्ही म्हणालात, "तू नाही."

दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं. "तू नाही." वाचनालयाच्या कमिटीतल्या टेलरमास्तरांनाही तुम्ही तेच सांगून ठेवलंत. कारण नाही, चर्चा नाही. मी चिडले, ताई. पंधरा वर्षं मी एकाही मालगुजाराला विहिरीत ढकललं नव्हतं. माणसाला किती वर्षं शिक्षा? पेपरवाल्याला, दूधवाल्याला, ज्यानं ऐकलं त्याला मी माझी कैफियत सांगितली. दूधवाला तर म्हणाला, मीच बोलतो ताईंशी.

उत्तर तुम्ही दवाखान्यात दिलंत. पोटाचं दुखणं वाढलेलं, आवाज बारीक झालेला. मी मोसंबी सोलत होते आणि तुम्ही एकदम म्हणालात, "तिनं मागतलं तवा देऊन टाकलं असतं तर तिनं तवाच वाचलं असतं."

मी विचारलं, कोणी?

"कौसल्यानं. मी बाइंडिंग म्हणली." आणि मग, "वाचनालयाच्या त्या खुर्चीत आपल्या घरचं कोणी नको आता. एकीनं तिले फसवलं तोंडानं, एकीनं पुस्तक लपवून. तुह्यापेक्षा माहं मोठं. तुले तर सवयच होती."

ताई, इतकी वर्षं मला वाटत होतं की तुम्ही मला शिक्षा करताय. तुम्ही स्वतःला करत होतात, आणि तरीही दर उन्हाळ्यात जाऊन बसत होतात, कारण दुसरं कोणी नव्हतं. मला तेव्हा म्हणायचं होतं, की ताई, तुमच्या त्या एका खोट्यामुळे मला तुमची माया कळली. म्हणायचं होतं की तुम्ही रिक्षातून पुढे गेलात तेव्हापासून मी तुमच्यामागेच चालतेय, डबा घेऊन. मी म्हणाले, "मोसंबी आंबट निघाली." तुम्ही म्हणालात, "दे तशीच."

त्यानंतर चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

आता त्या दोन गोष्टी. घरी आलेल्यांना मी सांगितलं, की तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी पाणी पाजलं, तुम्ही हसलात, वाचनालय सांभाळ म्हणालात आणि शांत डोळे मिटलेत. आलेली प्रत्येक बाई पदर डोळ्याला लावून गेली. हेही ऐकत बसायचे. एकदा हे म्हणाले, "बरं झालं तू जवळ होती." तेराव्या दिवसापर्यंत माझाच त्यावर विश्वास बसायला लागला होता.

काल वाचनालयात सभा होती. टेलरमास्तरांनी स्पष्ट सांगितलं, की मुक्कामाला कोणी तयार नसेल तर उन्हाळ्याच्या दुपारी बंद होतील आणि मागची खोली कूलर दुरुस्तीवाल्याला जाईल. मग म्हणाले, "आधी ताईंची साक्ष होऊ द्या. सुमनबाई, तुम्ही होता शेवटी."

मी टेबलापाशी गेले. लोकांनी मांडी बदलली, बायकांनी पोरं गप्प केली. मला माझी जुनी गर्दी मिळाली होती. मांडीवरचं डोकं, पाणी, हसू, 'वाचनालय सांभाळ', सगळं जिभेवर तयार. तेवढं सांगितलं असतं तर खोली तिथल्या तिथं माझी होती. 'ताईची शेवटची इच्छा' म्हटल्यावर कोण हात वर करून नाही म्हणणार? समोर हे बसले होते. दुसऱ्या रांगेत कौसल्या.

मी म्हटलं, मी नव्हते.

ताई शेवटचे दोन दिवस त्रासात होत्या. मला ओळखत नव्हत्या. शाळेतल्या पोरांची नावं घेऊन रागावत होत्या. दुपारी मी औषधाच्या चिठ्ठीसाठी खाली गेले, औषध मिळालं, आणि येताना दारात उसाचा रस दिसला म्हणून मी एक ग्लास प्यायला थांबले. वर आले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. जवळ कोणी नव्हतं. पाणी मी पाजलं नाही. घरी तेरा दिवस जे सांगितलं ते माझं आहे, त्यांचं नाही. त्यांनी वाचनालय सांभाळ असंही म्हटलं नाही. उलट आपल्या घरचं कोणी त्या खुर्चीत नको, असं म्हणाल्या, आणि त्यांच्यापाशी कारण होतं. ते कारण कौसल्याला विचारून मगच सांगेन.

 यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. नंतर रस्त्यात हे एवढंच म्हणाले, "रस तरी चांगला होता का?" आणि माझा हात धरला, भर मोहल्ल्यात, पन्नाशीच्या माणसानं.

पण तो नंतर. आधी टेलरमास्तर चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे ताईंचा तुमच्या नावाला नकार आहे."

"आहे."

"आणि तुमची इच्छा?"

"आहे," मी म्हटलं. "ताईंचं हे एक मी ऐकणार नाही."

तेवढ्यात कौसल्या उठली. केस पांढरे झालेत तिचे, उभी मात्र अजून तशीच राहते, पाय जुळवून. मला वाटलं, आता सगळं मांडते. मांडलं असतं तरी मी ऐकलं असतं.

"मास्तर, हिले एकटीले नका देऊ," ती म्हणाली. "मी बी राहीन मुक्कामाले. ती सांगीन, मी पुस्तक उघडून बसीन. जिथं हिचा पाय घसरीन तिथं मी टोकीन. पुस्तकाचं एकबी पान सुटलं नव्हतं, हे मले वाचतानाच दिसलं. ताईले म्या केव्हाच माफ केलं, पण त्या विचारतच नव्हत्या, तर सांगू कोणाले?"

टेलरमास्तरांनी आम्हा दोघींची नावं लिहिली. खाली तुमचा नकारही लिहून घेतला, मीच लिहायला लावला. सोमवारी आम्ही राहायला जातोय.